पिस्तुलाचं घर

चष्म्याला घर असतं, तसं पिस्तुलालाही घर लागतं. दुकानात येणारे लोक त्याला होल्स्टर म्हणत, कुणी कव्हर म्हणत, एक म्हातारा शिकारी तर चक्क पिशवी म्हणायचा. दाभणबाई मात्र कायम घरच म्हणायची. "घर कशासाठी हवंय? बसायला, चालायला, की मिरवायला?" हा तिचा पहिला प्रश्न असायचा. मिरवायला हवंय असं ज्याच्या तोंडावर दिसे, त्याला ती सरळ शेजारच्या बॅगवाल्याकडे पिटाळायची.

दाभणबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. तीस वर्षं कातड्यात दाभण खुपसत बसली म्हणून लोकांनी चिकटवलं, आणि जिभेलाही टोक होतंच, त्यामुळे ते तिला शोभलं. नवरा होता तोवर दोघं मिळून पट्टे, पाकिटं, खोगिरं करायचे. तो गेल्यावर खोगिरं बंद झाली, बाकीचं तिने एकटीने रेटलं. दुकान म्हणजे एक खोली. पुढे लोखंडी शटर, मधे तेल पिऊन काळं झालेलं लाकडी बाक, मागे भिंतीशी एक छोटी शेगडी आणि कातडं भिजवायचं सिमेंटचं कुंड. कुंडातलं पाणी कायम चहासारखं तांबडं. हात घातला तर बोटं दिसायची नाहीत.

पिस्तुलाची घरं करण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. हलकं पिस्तूल कशातही राहतं हो, त्यात काय मोठंसं. खरी परीक्षा जड रिव्हॉल्व्हरची. सव्वा किलोचं लोखंड सकाळी कमरेला लावलं की दुपारपर्यंत पट्टा एका अंगाला ओघळतो, संध्याकाळी माणूस लंगडायला लागतो आणि चार महिन्यांत पाठीच्या डॉक्टरकडे जातो. दोष रिव्हॉल्व्हरचा नसतो, घराचा असतो. पट्टा दोन बोटं रुंद आणि दुपदरी हवा. घर अंगाला चिकटून, कमरेच्या हाडाच्या किंचित मागे. वर आतल्या बाजूला कातड्याची एक जीभ ठेवायची, म्हणजे रिव्हॉल्व्हरचा घोडा बरगडीखाली टोचत नाही. हे सगळं ती माणसाला बसवून, वाकवून, बुटाची नाडी बांधायला लावून ठरवायची. "जोडा कुठे चावतो ते घालणाऱ्यालाच कळतं," ती म्हणायची, "पण घर कुठे चावणार ते मला आधी कळायला हवं. नाहीतर मी कसली कारागीर?"

तर अशा बाईच्या घरात जावईही आला तो रिव्हॉल्व्हरवाला.

चार वर्षांपूर्वी तिच्या एकुलत्या एक लेकीचं, ठकूचं, लग्न झालं. जावई पैशांची ने-आण करणाऱ्या गाडीवर रखवालदार. रिव्हॉल्व्हर त्याचं स्वतःचं, परवान्याचं. उंचापुरा, बोलायला मऊ, दारूच्या वाटेला न जाणारा. सासूला "आई" म्हणायचा. चार वर्षांत त्याचा चढा आवाज कुणी ऐकला नव्हता. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, ठकूने नशीब काढलं. दाभणबाईलाही तसंच वाटायचं, आणि गेल्या वर्षी त्याच्या कमरेसाठी तिने स्वतःहून एक घर शिवून दिलं. आपल्या जन्मात इतकं चांगलं काम तिने फार थोड्या वेळा केलं असेल. वर पट्टी आणि पट्टीला पितळी टिचबटन. बटन उघडल्याशिवाय रिव्हॉल्व्हर निघायचं नाही, अंगठ्याने दाबलं की टिच असा आवाज करून उघडायचं.

एका सोमवारी जावई ते घर घेऊन दुकानात आला.

"आई, हे चावतं हो."

दाभणबाईला राग आला. तिचं काम चावतं असं तोंडावर सांगणारा हा पहिलाच. "बघू," म्हणून तिने घर हातात घेतलं आणि उजेडाला धरलं. कातडं खोटं बोलत नाही. कुठे घासलं, किती घासलं, सगळं सांगून टाकतं. खालचं टोक जवळजवळ नवं होतं, म्हणजे गाडीत चढ-उतार फारशी नाही. मागची बाजू मात्र खुर्चीच्या पाठीला घासून चकाकत होती. आणि बटन पार सैल झालेलं. पट्टीची कड अंगठ्याखाली कापसासारखी मऊ पडली होती.

रखवालदार माणूस दिवसातून दोनदा बटन उघडतो, एकदा सकाळी आणि एकदा संध्याकाळी. त्या हिशेबाने हे बटन दहा वर्षं वापरल्यासारखं दिसत होतं.

"ड्यूटीवर काढावं लागतं का फार?" तिने विचारलं.

"छे. चार वर्षांत एकदाही नाही."

"मग चावतं कुठे?"

"घरी. संध्याकाळी खुर्चीत बसलो की इथे टोचतं. आडवं झालं की आणखीच. जरा आरामशीर करून द्या."

"घरी कशाला घालता, जावईबापू? आल्यावर कपाटात ठेवावं, पाठीला आराम द्यावा."

"सवय हो, आई." तो हसला. "आणि हे बटन नको. उगाच कटकट. वरून उघडंच करा."

तिने नेहमीच्या पद्धतीने बाकापुढची खुर्ची दाखवली. "घरी बसता तसं बसून दाखवा." त्याने खुर्ची उचलली, पाठ भिंतीला लावली आणि पाय पसरून ऐसपैस बसला. उजवा हात कमरेवर आला, अंगठा आपोआप तिथे गेला जिथे बटन असायचं. दाभणबाई गुडघ्यावर बसून मापं घेत होती. कामातला प्रश्न म्हणून तिने विचारलं, "बसल्यावर समोर काय असतं? टीव्ही? म्हणजे मान कुठल्या बाजूला वळते ते बघायचंय."

"टीव्ही नाही. स्वयंपाकाचा ओटा."

तिने माप लिहिलं. पण तो गेल्यावर बघते तर कागदावर आकडाच नव्हता, नुसती एक रेघ ओढलेली.

त्या रात्री नाही म्हटलं तरी तिला झोप लागली नाही. तिने स्वतःला चार शिव्या घातल्या. मेल्या मनाला धंदा नाही, चांगल्या माणसात खोड काढतंय. सवय असते एकेकाला. तिचा स्वतःचा नवरा नाही का झोपतानाही कानावर पेन्सिल ठेवायचा?

गुरुवारी ठकू आली. बाजाराचा दिवस असला की ती अर्धा तास आईकडे डोकवायची. अर्धा तास म्हणजे अर्धाच, एकतीस मिनिटं नाहीत. याचंही दाभणबाईला कधी काही वाटलं नव्हतं. संसारी बाईला घाई असायचीच. ठकूने स्टुलावर बसून पिशवी उघडली, आईचा मागच्या वेळचा डबा काढला आणि शेजारच्या शिंपिणीच्या नव्या चष्म्याबद्दल काहीतरी सांगू लागली. तो चष्मा घातला की बाई घुबडासारखी दिसते, असलं काहीतरी. दाभणबाई ऐकता ऐकता एका गिऱ्हाइकाच्या पर्सला बटन ठोकत होती. ठोकून झालं, बसतंय का बघायला तिने ते दाबलं.

टिच.

ठकूचं वाक्य अर्ध्यात तुटलं. डब्यावरचा हात जिथल्या तिथे थांबला. मान खाली गेली, खांदे वर आले, श्वास बंद. फटाका वाजल्यावर माणूस दचकतं तसं हे नव्हतं. दचकलेलं माणूस पुढच्या क्षणाला हसतं, छातीवर हात ठेवतं. ही नुसती थिजून बसली होती आणि पुढे काय होतंय याची वाट बघत होती.

दाभणबाईने पुढे जे केलं त्याची तिला जन्मभर लाज वाटायची होती. खात्री करून घ्यायला तिने बटन उघडून पुन्हा दाबलं.

ठकूच्या डोळ्यांतून घळघळा पाणी आलं. आवाज मात्र नाही.

दाभणबाईने पर्स फेकून दिली, उठून लेकीला पोटाशी धरलं. "बोल," ती म्हणाली. "आता काय असेल ते बोल."

"हे मारत नाहीत गं," ठकू म्हणाली. पहिलं वाक्य ती हेच बोलली. "कधी हात नाही लावला. शिवीसुद्धा नाही."

"मग?"

"बसतात. मी स्वयंपाक करते, हे मागे बसतात. मी काही जास्त बोलले की आधी नुसता कमरेवर हात जायचा, आता वर्षभर बटन उघडतात. टिच. मग बंद करतात. मीठ जास्त पडलं, टिच. दार वाजलं आणि मी उघडायला निघाले, टिच. फोनवर हसले तरी टिच. बोलत काहीच नाहीत. मी गप्प झाले की बंद करतात." तिने पदराने नाक पुसलं. "एकदा मी विचारलं, असं का करता? तर म्हणाले, कसं? मी कुठे काय केलं? आणि म्हणाले, बघ तरी, तुझ्या आईने किती छान बसवलंय हे."

दाभणबाईला आपल्याच हातांची किळस आली.

"पोलिसांत जाऊन आले मी," ठकू म्हणाली. "गेल्या महिन्यात. तिथले म्हणाले, परवाना आहे ना? आहे. मारलं का? नाही. अंगावर खूण? नाही. मग बाई, बटन उघडलं ही तक्रार कशी लिहायची? दोघं हसले."

दाभणबाईने सांगायचं ते सांगून टाकलं. "सोमवारी आला होता. नवीन घर करायला सांगितलंय. बटन नको म्हणाला."

ठकूने वर बघितलं. ती रडायची थांबली होती.

"म्हणजे आता मला कळणारही नाही," ती म्हणाली.

अर्धा तास संपायला पाचच मिनिटं उरली होती. पण तेवढ्यात आईने लेकीला पोलिसांपेक्षा जास्त उपयोगाचं सांगितलं. रविवारी त्याला सुट्टी असते. रविवारी तो इथे येईल आणि दिवसभर इथून हलणार नाही, ते माझ्यावर सोड. दुपारी दोनची बस पकड. आपला फोन घरातच ठेव, चालू ठेव, बरोबर नेऊ नकोस. कुठे जाणार ते मला सांगू नकोस, मावशीकडे नको, काकांकडे नको, त्याला ठाऊक असलेल्या कुणाच्याही दारात नको. ठकूला एक जुनी मैत्रीण होती, तिचं गाव दाभणबाईलाही माहीत नव्हतं. "तिच्याकडे," ठकू म्हणायला लागली, तेवढ्यात आईने तिच्या तोंडावर हात ठेवला. "मला नको सांगूस म्हटलं ना. मला माहीत नसलं की माझ्याकडून कुणी काढू शकणार नाही."

शनिवारी तिने जावयाला फोन केला. कातडं ओलं करून पिस्तुलावर बसवायचं असतं, ते वाळेपर्यंत पिस्तूल आतच राहायला हवं, तरच घर नेमकं बसतं. हे खरं होतं. खोटं एवढंच, की त्यासाठी खरं रिव्हॉल्व्हर लागत नाही. त्याच मापाचा लाकडी ठोकळा तिच्याकडे होता, गेल्या वर्षीचं घर त्यावरच बसवलेलं. रविवारी सकाळी पाणी कोमट करताना तिने तो ठोकळा शेगडीत घातला. साग होता. जळायला वेळ लागला.

जावई दहाला आला. तिने सांगितलं, "ठेवून जा, संध्याकाळी न्या."

"हे मी कुणाकडे ठेवत नाही, आई. तुमच्याकडेही नाही. राग मानू नका. बसतो मी इथेच."

"बसा की. दुकान तुमचंच आहे," दाभणबाई म्हणाली. तिला हेच हवं होतं. जो माणूस आडवा होतानाही ते कमरेचं सोडत नाही, तो ते सासूच्या बाकावर टाकून सिनेमाला थोडाच जाणार?

त्याने रिव्हॉल्व्हर उघडलं, सहा गोळ्या काढल्या आणि बाकाच्या कडेला एकेक करून उभ्या मांडल्या. मग तिने रिव्हॉल्व्हरला पातळ प्लास्टिक गुंडाळलं, कुंडातून भिजलेलं कातडं काढलं, आतून गुळगुळीत, बाहेरून ओलं, आणि त्याच्यावर चढवलं. हाडाची पट्टी घेऊन ती कडा दाबू लागली. नळी, घोड्याची पाठ, चाकाचा फुगवटा. हात सवयीने चालत होते, आणि छान चालत होते. वाईट माणसासाठीही वाईट काम होईना तिच्याकडून, याची तिला चीड आली. अकराच्या सुमाराला तिने ते बाकावर वाळत ठेवलं. "आता हात लावायचा नाही. पाच-सहा तास. आत्ता काढलं तर लोळागोळा होईल."

तो बसला. ती इतर कामं करत राहिली. मधे तिने चहा केला, दोघांनी प्यायला. त्याने हवेबद्दल विचारलं, तिच्या गुडघ्यांबद्दल विचारलं. एक वाजता त्याने घरी फोन लावला आणि स्पीकरवर टाकून बाकावर ठेवला.

"हां," ठकूचा आवाज आला.

"जेवलीस?"

"आता बसतेय."

"मी नाही म्हणून उपाशी राहू नकोस हं."

"नाही."

त्याने फोन बंद केला आणि सासूकडे बघून हसला. दाभणबाईने दोऱ्याला मेण लावलं. त्या दोऱ्याला आधीच दोनदा लावून झालं होतं.

अडीचला त्याने पुन्हा फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. "झोपली असेल," तो म्हणाला. पावणेतीनला पुन्हा. मग मात्र त्याने फोन खिशात टाकला आणि बराच वेळ शेगडीकडे बघत बसला.

"आई, गेल्या वर्षी एक लाकडी ठोकळा होता ना?"

"तडकला तो."

"तडकला." त्याने मान हलवली. "शेगडीत त्याचं बूड दिसतंय. मुठीकडची बाजू अजून जळायचीय."

दाभणबाईच्या हातातली आरी थांबली. बस सुटून तासभर झाला होता, एवढंच तिने मनात धरलं. तासभर म्हणजे बराच वेळ. आता हा धावत घरी जाईल, मोकळं घर बघेल, बस-स्टँडवर जाईल, तोवर आणखी एक तास.

पण तो उठलाच नाही.

"कुठे गेली?"

"मला माहीत नाही."

त्याने तिच्या तोंडाकडे रोखून बघितलं. तिनेही बघितलं. खरं बोलणाऱ्याला भीती कसली. "तुम्हाला खरंच माहीत नाही," तो सावकाश म्हणाला. "हुशार आहात, आई. म्हणजे धावपळ करून उपयोग नाही." त्याने बाकावरचा तिचा फोन उचलला आणि त्या सहा गोळ्यांच्या शेजारी नीट सरळ ठेवला. "पण पोचल्यावर ती तुम्हाला फोन करणार ना? लेकी करतात."

आणि तेव्हा दाभणबाईला आठवलं. गुरुवारी सगळं बजावून झाल्यावर, ठकू पायरी उतरत असताना, ती मागून म्हणाली होती, पोचलीस की फोन कर. सहलीला निघाली तेव्हा म्हणाली होती, कॉलेजला गेली तेव्हा म्हणाली होती, सासरी निघाली तेव्हा म्हणाली होती, तसंच आपोआप, जिभेवर बसलेलं तोंडातून निघून गेलं होतं. ठकूही "हो गं" म्हणाली होती. इतकी मोठी दाभणबाई, जिच्या पुढे गिऱ्हाईक चळाचळा कापतं, तिने लेकीचा माग काढायची दोरी स्वतःच्या हाताने वळून ठेवली होती. असं कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं तिला.

तिने कपाळ बडवलं नाही. ती विचार करू लागली. फोन फोडून टाकला तर? तर ठकू पुन्हा लावेल, पुन्हा लावेल, आईने उचलला नाही म्हणून जीव वरखाली होईल तिचा, आणि मिळेल त्या गाडीने उलट फिरेल. दोन वर्षांपूर्वी असाच फोन बिघडला होता, तर ही पोरगी पायात घरातल्या सपाता घालून अख्खं शहर ओलांडून आली होती. त्यालाही ते माहीत होतं. उचलला तरी त्याचं काम होणार होतं, नाही उचलला तरी होणार होतं. त्याला फक्त बसून राहायचं होतं, आणि बसून राहण्यात तो तरबेज होता.

साडेचार वाजले. पाच वाजले. समोरच्या ओळीतले दुकानदार आवरून गेले. बॅगवाल्याचं शटर खाली आल्याचा आवाज आला. रविवारी ही गल्ली लवकर ओस पडते.

सव्वापाचला त्याने वाळत ठेवलेलं घर उचललं आणि रिव्हॉल्व्हर ओढून बाहेर काढलं. कातडं अजून दमट होतं, ते तोंड वाकडं करून मिटलं. सकाळभराचं काम वाया गेलं, आणि अशा वेळीही दाभणबाईला त्याचं वाईट वाटलं. त्याने तिच्याच फडक्याने नळी पुसली, प्लास्टिक सोडवलं आणि बाकावरच्या गोळ्या एकेक करून आत घातल्या. घाई नाही, राग नाही.

"माझं तिच्यावर प्रेम आहे, आई," तो म्हणाला.

"असेल," दाभणबाई म्हणाली. "तिला श्वास घेता येत नाही त्यात."

सहाला दहा कमी असताना फोन वाजला. नंबर अनोळखी. कुणातरी परक्याकडून मागून घेतलेला.

"उचला," तो म्हणाला. "स्पीकरवर."

तिने फोन स्पीकरवर टाकला, पण बाकावर ठेवून नव्हे, हातात धरून. उठून उभी राहिली आणि कुंडाकडे दोन पावलं सरकली. तोही उठला, पण जवळ आला नाही. मान तिरपी करून ऐकत राहिला. मागचे आवाज ऐकायचे होते त्याला, गाड्यांचे, माणसांचे, कुठल्या तरी स्टँडवरच्या भोंग्याचे.

"आई? पोचले गं," ठकू म्हणाली. तिच्या आवाजात हसू होतं. चार वर्षांत दाभणबाईने तो आवाज ऐकला नव्हता, आणि चार वर्षं आपल्या हे लक्षातही आलं नव्हतं हे तिला तेव्हा कळलं. "आई, मी इथे ना..."

"गप्प." दाभणबाई इतक्या मोठ्याने बोलली की मागचं काही ऐकूच येऊ नये. "काही सांगू नकोस. ऐक. तो इथे आहे, माझ्यासमोर, सगळं ऐकतोय. मी ठीक आहे. तू मागे फिरायचं नाहीस. आता मी फोन ठेवते, मग मला फोन करायचा नाही. आज नाही, उद्या नाही, सणावाराला नाही. मी आजारी आहे असं कुणी सांगितलं तरी नाही. मी मेले असं कळवलं तरी यायचं नाही. कळलं?"

तिने उत्तराची वाट बघितली नाही.

"ठकू, जेवून घे," ती म्हणाली, आणि फोन कुंडात टाकला.

त्याने झेप घेतली ती तिच्यावर नाही, फोनवर. नंबर त्यात होता. डावा हात कोपरापर्यंत तांबड्या पाण्यात घालून तो तळ चाचपू लागला. तळाशी आठवड्याभराच्या कातड्याच्या चिंध्या साठलेल्या, हाताला काय लागेल आणि काय नाही. "हे काय केलंत?" तो ओरडला. चार वर्षांत पहिल्यांदा ओरडला तो, आणि ऐकायला गल्लीत कुणी नव्हतं.

दाभणबाई मागे न बघता पुढच्या दाराशी गेली. शटरचा दांडा धरून तिने सगळं वजन टाकलं आणि ते खाली ओढलं. दुपारच्या जेवणाला ती शटर आतून लावून घ्यायची, त्यासाठी आत कडी होती, कुलूप तिथेच लटकत असायचं. तिने कडी घातली, कुलूप दाबलं, किल्ली काढली आणि खाली वाकून शटर आणि उंबरठ्याच्या फटीतून बाहेर सरकवली. बाहेर गटार होतं. किल्ली पडल्याचा आवाज तिने नीट ऐकला. खोलीला दुसरं दार नव्हतं, आता तो लेकीच्या मागे जाऊ शकणार नव्हता. गुडघे दुखत होते, तरी ती लगेच उठली नाही.

त्याचा हात पाण्यातून बाहेर आला. हातात फोन होता, त्यातून लाल पाणी गळत होतं आणि काच काळी पडली होती. त्याने बटणं दाबून बघितली. मग तिच्याकडे वळला.

ठकूने लहानपणापासून आईचं एक ऐकलं नव्हतं. पावसात जाऊ नको म्हटलं की गेली, झाडावर चढू नको म्हटलं की चढली. हे ऐकेल की नाही, देव जाणे. पण नाहीच ऐकलं आणि आली उलट फिरून, तर तिला काय दिसेल याचा विचार दाभणबाईने करून ठेवला होता. गल्ली रिकामी असेल, शटर खाली असेल, फटीतून उजेड येऊ नये म्हणून दिवाही मालवलेला असेल. ती एकदा हाक मारेल. मग तिला वाटेल, रविवार आहे, आई लवकर बंद करून निघून गेली.

दाभणबाईने हात वर करून भिंतीवरचं बटण दाबलं आणि दिवा घालवला.